गुरुजींच्या घरातली बाधा

सोलापूरचा मे महिना पुन्हा आला. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली, नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि आमच्या दारात आईनं भिजवून टांगलेली चादर. ती अर्ध्या तासात वाळते, मग आई उठून पुन्हा भिजवते. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला एक घर आठवतं आणि अजून दातओठ खावेसे वाटतात. अठरा वर्षं झाली. मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी क्षमाबिमा येईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

त्या घराचा मी कॉम्प्युटरवरचा खेळ केला आहे. ‘वरची खोली’ हे त्याचं नाव. पळापळी, गोळीबार असलं काही त्यात नाही. पडद्यावर एक चित्र असतं. जिना, कपाट, मोराची जाळी असलेली खिडकी. एखाद्या वस्तूवर क्लिक केलं की ती उचलता येते, पिशवीत टाकता येते, आणि पुढं कुठंतरी तिचा उपयोग करून अडलेली वाट मोकळी होते. भुताच्या घराचे असे खेळ पुष्कळ आहेत, त्यात आमचा एक. चित्रं मी काढली, कोड माझी मैत्रीण फरहानानं लिहिला. पोटासाठी जाहिरातींची चित्रं काढायची आणि उरलेल्या वेळात हे घर रचायचं, अशी चार वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात खेळ लोकांपुढं आला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तो खेळतात आणि आम्हाला पत्रं लिहितात. बहुतेक पत्रांत एकच तक्रार असते: पहिलं दार उघडत नाही.

त्या दारापाशी मी येणारच आहे, पण आधी तो उन्हाळा.

माझी दहावीची परीक्षा नुकती संपली होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांची नातेपुत्याहून सोलापुरात बदली झाली होती आणि आम्ही तिघं कुंभारीला आत्याच्या एका खोलीत पथारी पसरून होतो. रोज सकाळी शहरात यायचं आणि घर शोधायचं. आमचं आडनाव मी इथं सांगणार नाही. ते दोन-तीन जातींत सापडतं, त्यामुळे घरमालकांची पंचाईत व्हायची. मग ते आडवाटेनं यायचे. मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या अंगाला? सोयरीक कुठं कुठं केलीय? कुलदैवत कोणतं? मी दारात उभी राहून ऐकायची. आण्णा कधी खोटं बोलत नसत. आम्ही गेलो तेव्हा रिकामं असलेलं घर आम्ही निघता निघता भरून जायचं. कुणाचा पुतण्या शिकायला येणार असायचा, कुणाला एकाएकी रंग काढायचा असायचा. एकानं तर घर आहे हेच नाकारलं, आणि आम्ही त्याच्या रिकाम्या घरातच उभे होतो.

एवढं फिरून संध्याकाळी कुंभारीत परतलो की आत्या विचारायची, “घावलं का?” आई म्हणायची, “घावंल की. सोलापूर लई मोटं हाय.” मला तेव्हा ते खरं वाटायचं.

मग गुरुजींचं घर मिळालं. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, शहराच्या कडेच्या एका कॉलनीत खाली स्वतः राहायचे आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. कॉलनीत त्यांच्या शब्दाला मान. कुंपणावरून भांडण झालं, पोराचं लग्न अडलं, की लोक त्यांच्याकडे जायचे. ‘गुरुजी म्हणाले’ म्हटलं की विषय संपायचा. हे लक्षात ठेवा, पुढं याचा उपयोग आहे. आण्णांच्या कचेरीतल्या कुणाच्या ओळखीनं आम्ही गेलो होतो, म्हणून असेल, गुरुजींनी एकही प्रश्न विचारला नाही. “खोल्या वर्षभर बंद आहेत,” एवढंच म्हणाले, “धूळ फार आहे. वहिनींनी आपल्या हातानं धुऊन घेतल्या तर मनासारखं होईल.” आईला तर तेच हवं होतं. तिन्ही खोल्यांना खिडक्या होत्या. आईच्या जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघराला खिडकी मिळणार होती.

दोन दिवस आम्ही मायलेकी ते घर धूत होतो. जिना मागच्या अंगाला. खालच्या हौदातून पाणी भरायचं, वर न्यायचं, ओतायचं, घासायचं, पुसायचं. बादली आईची स्वतःची, लग्नातली, स्टीलची, काठावर तिचं पूर्ण नाव कोरलेलं. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात घेत नाहीत. त्या फरशीवर लाल-पिवळी फुलं होती. गुडघ्यावर बसून मी प्रत्येक फूल पुसलं, म्हणून मला प्रत्येक फूल पाठ आहे. दुसऱ्या खोलीत खिडकीखालची एक फरशी कोपऱ्यात टवका गेलेली, तिथं फडकं अडकायचं. खेळ पाहून लोक विचारतात की एवढं बारीक चित्र कसं काढलंत, फोटो होते का? फोटो कसले, माझ्या गुडघ्यांना ते घर आठवतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गुरुजींच्या बायको, काकू, सरबत घेऊन वर आल्या. चकचकीत खोल्या पाहून खूश झाल्या. भिंतींकडे बघत म्हणाल्या, “देवघर कुठल्या भिंतीला करणार?”

आई पदरानं हात पुसत होती. इतकी आनंदात होती की तिला प्रश्नाचं टोक दिसलंच नाही. “देवघर न्हाय वो करत आमी,” ती म्हणाली. “बुद्धाची मूर्ती हाय, तेवढीच ठेवतो. हितं खिडकीत ठेवीन म्हन्ते, उजेड चांगला येतोय.”

“अस्सं होय,” काकू म्हणाल्या आणि खाली गेल्या. सरबताचे पेले न्यायला त्या परत आल्या नाहीत. आईनं ते विसळून पालथे घातले. बादली वरच ठेवली, तिच्या काठावर ओलं फडकं वाळत घातलं, कारण उद्या सामान आल्यावर पुन्हा एक हात फिरवायचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान घालून आम्ही गेलो. गुरुजी फाटकात उभे होते. फाटक आतून लावलेलं.

“साहेब, एक सांगायचं राहून गेलं,” ते आण्णांना म्हणाले. “तुम्हाला अंधारात ठेवणं मनाला पटेना. वर बाधा आहे.”

आण्णा मोकळेपणानं हसले. गावोगाव सभांत उभं राहून ‘भूत नसतं’ असं सांगणारा माणूस तो. “गुरुजी, आमी भूत मानत न्हाय. त्याची काळजीच करू नका.”

“तुम्ही मानत नसाल हो. पण घरात लेकरू आहे, बाईमाणूस आहे. एका भाडेकरणीचं वर… जाऊ दे. पावलं वाजतात. उद्या काही कमीजास्त झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?”

“अवो, ह्या दोगी दोन दिवस दिसभर वर हुत्या की. कुनी न्हाय आलं.”

गुरुजींनी नुसती खाली नजर घातली. मागं दाराशी काकू उभ्या होत्या, त्या आत गेल्या. आणि मग आण्णांना कळलं. कळताना मी त्यांच्याकडे बघत होते. हसू तोंडावर तसंच राहिलेलं आणि चेहरा उतरलेला. टेम्पोवाला ओरडला, “साहेब, उतरवायचं का?” आण्णा म्हणाले, “नगं. घर लई गरम हाय.” जन्मात खोटं न बोललेला माझा बाप त्या दिवशी टेम्पोवाल्याशी खोटं बोलला. हे मी गुरुजींना कधीही माफ करणार नाही.

घर नाकारलं याचं दुःख एक, पण संताप दुसऱ्याच गोष्टीचा. आम्ही कोण हे कळलं तेव्हा खोल्या धुऊन झाल्या होत्या. धुणाऱ्या हातांना त्या घरात जायला कुणाची आडकाठी नव्हती. राहणाऱ्या पायांना होती. आणि वर पुन्हा गुरुजींना चांगलंही राहायचं होतं. ‘तुम्ही अमुक, म्हणून देत नाही’ असं तोंडावर म्हणायची हिंमत नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये, म्हणून एक मेलेली बाई उभी केली, जी कधी जगलीच नव्हती.

आता ते दार. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही घरासमोर उभे असता. दारात एक म्हातारा. तो विचारतो, मूळ गाव कुठलं? तीन उत्तरं दिसतात, त्यातलं एक निवडायचं. पूर्ण नाव काय? पुन्हा तीन. कुलदैवत कोणतं? पुन्हा तीन. तुम्ही काहीही निवडा, म्हातारा फार सभ्यपणे म्हणतो, “एक सांगायचं राहून गेलं. वर बाधा आहे.” आणि दार लागतं. खेळणारे सगळी उत्तरं उलटीपालटी करून बघतात. वहीत तक्ते मांडतात. मग चिडून लिहितात की तुमच्या खेळात चूक आहे, बरोबर उत्तरच ठेवलेलं नाही. मी प्रत्येकाला लिहिते, चूक नाही, बरोबर उत्तर नसतंच.

फरहाना ती पत्रं वाचून हसते. ती सोलापूरचीच, घर शोधण्यात माझ्याहून मुरलेली. एकदा म्हणाली, “तेरेकू आडनाव तक तो जाने दिये. मेरा तो नामिच बस है.” तिच्यासाठी खेळात एक जागा केली. म्हातारा नाव विचारतो तेव्हा तिसरं उत्तर तिचं आहे. ते निवडलं तर पुढचा प्रश्न येतच नाही.

आत जायची वाट वेगळीच आहे. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात नळाखाली एक बादली आहे. उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी. ती हातात घेऊन दाराशी गेलं की म्हातारा आपण होऊन बाजूला होतो. नाव विचारत नाही, वरही बघत नाही. बादली घेऊन तुम्ही घरभर हिंडू शकता. एकानं लिहिलं होतं की हे उत्तर सापडल्यावर पुढं न खेळता त्यानं कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

परवा आईला खेळ दाखवला. तोवर दाखवला नव्हता. जुनी जखम तिला कशाला दाखवा, असं मनात. ती माझ्या शेजारी बसली, चष्मा लावला, चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, “मोर कुटं हाय जाळीतला? हां, हाय.” म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न विचारला. आईनं तो वाचलाही नाही. माऊस सरकवत सरकवत बादलीवर नेला, उचलली, दारात गेली, आत शिरली.

“आई! लोकांना यासाठी आठवडे लागलेत.”

“लोकास्नी अवगड का जावं? हातात बादली असली की कोन इचारतंय?” ती म्हणाली आणि चादर भिजवायला उठली.

आता इथवर मला वाटत होतं की सूड मीच घेतला. चार वर्षं राबून, फरशीचं फूल नि फूल रंगवून, गुरुजींच्या घराला मी जगभरात भुताचं घर केलं. मग गेल्या आठवड्यात खेळातलं एक चित्र सोलापुरातल्या मोबाईलच्या ग्रुपांमधून फिरलं आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘अरे, हे तर गुरुजींचं भुताचं घर!’ त्याच्याखाली दुसऱ्यानं, तिसऱ्यानं तेच. मी चक्रावले. ती बाधा तर गुरुजींनी फाटकात आमच्यापुरती सांगितली होती. खेळात मी कॉलनीचं नाव घातलेलं नाही, गुरुजींचं नाही. मग सगळ्या गावाला ते घर भुताचं म्हणून आधीच कसं ठाऊक?

काल दुपारी फोन आला; खेळाच्या पानावर माझा नंबर आहे. आई शेंगा फोडत होती, मी चटणी कुटत होते, हात कुटानं भरलेले म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. आवाज थकलेला होता, पण मी पहिल्याच शब्दाला ओळखला.

“तू त्या पाटबंधारे खात्यातल्या साहेबांची मुलगी ना?” गुरुजी म्हणाले. “बाळ, ते चित्र काढून टाक. आमचं वरचं घर अठरा वर्षं रिकामं आहे. एक भाडेकरू टिकला नाही. सून सुट्टीला आली तरी वर पाय ठेवत नाही. आता घरच विकायचं म्हणतो, तर आलेलं गिऱ्हाईक तुझं चित्र बघून परत गेलं.”

“पण वर बाधा आहे ना, गुरुजी?”

“काही नाही गं. कधीच काही नव्हतं. हे सगळं तुझ्या आईनं उठवलेलं. तेव्हा टँकरवर उभी राहून सगळ्या कॉलनीला सांगत होती.”

मी आईकडे बघितलं. तिचे हात थांबले नव्हते. शेंग फोडायची, दाणे ताटात, टरफलं सुपात.

“उटवलं न्हाय, गुरुजी,” ती फोनकडे न बघता म्हणाली. “तुमी बोलला तेवडंच सांगितलं. पदरचा एक शबूद न्हाय घातला.”

त्या उन्हाळ्यात शेवटी आम्हाला खोली मिळाली ती गुरुजींच्या मागच्या दोन गल्ल्या सोडून. दोन्हीकडच्या बायका एकाच टँकरवर यायच्या. मी लगेच शिकायला वसतिगृहात गेले, म्हणून पुढचं सगळं मला कालच आईकडून कळलं. टँकर यायचा तेव्हा आई रांगेत उभी राहायची, हातात घागर. बादली का नाही आणली, असं कुणी विचारलं की ती गळ्याला हात लावून म्हणायची, “गुरुजींच्या वरच्या खोलीत ऱ्हायली, बाई. आनाया जायचं भ्या वाटतंय. गुरुजींनी सोता सांगितलं, वर बाधा हाय म्हनून.” एवढंच. आणि ‘गुरुजी म्हणाले’ म्हटल्यावर कॉलनीत विषय संपायचा. पुढं वाऱ्यानं त्या बादलीची कडी वाजायला लागली आणि बायकांना आपापल्या घरातून ती ऐकू यायला लागली. आईला काहीच करावं लागलं नाही.

सगळ्यात धारदार गोष्ट माझ्या आत्ता लक्षात येते आहे. गुरुजी हे भूत एका वाक्यात घालवू शकत होते. ‘मी खोटं बोललो’ म्हणायचं, बस. पण मग लोकांनी विचारलं असतं, खोटं का बोललात? आणि त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. अठरा वर्षं ते उत्तर त्यांनी दिलं नाही. ते आणि भूत एका छपराखाली राहिले. हा कोडं घालायचा प्रकार मी चार वर्षं शिकले. आईनं तो टँकरच्या रांगेत उभ्याउभ्या केला होता.

“आण्णांना माहीत होतं?” मी हळूच विचारलं.

“छा. त्येंनी मला घराभायेर काडलं असतं,” ती म्हणाली. “जन्मभर भूत नसतं म्हनून सांगत फिरले, आन् बायको टँकरवर भूत वाटत हुती. ते हुते तवर जीभ चावून गप बसले मी.” आण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. आईचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

फोनवर गुरुजी अजून होते. “काकू गेल्या गं,” ते म्हणाले. “एकटा आहे मी.” मला कीव यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, “गुरुजी, मी खेळातलं घर बदलते. आजच बदलते. फरशी, जाळी, जिना, सगळं. तुम्ही फक्त सांगा, त्या दिवशी फाटक का उघडलं नाहीत.”

बाहेर उन्हात एक रिक्षा गेली. मला खरंच वाटलं की म्हणतील. माझ्या हातातली मुसळी तशीच राहिली. आण्णांसाठी मला ते एक वाक्य हवं होतं, आणि ते मिळालं असतं तर मी चार वर्षांचं काम एका दुपारीत पुसलं असतं.

“तेव्हा… तेव्हा बाधा होतीच,” गुरुजी म्हणाले.

मी मुसळी खाली ठेवली. फोन बंद करणार, तेवढ्यात गुरुजीच घाईघाईनं म्हणाले, “निदान ती बादली तरी घेऊन जा. अजून तिथंच आहे. कुणी हात लावत नाही तिला. पाया पडतो, वहिनी.”

आई सूप बाजूला सारून उठली, गुडघ्यावर हात टेकत फोनपाशी आली आणि पहिल्यांदाच फोनकडे बघून बोलली.

“ऱ्हाऊ द्या, गुरुजी. काटावर माजं पुरं नाव हाय, आडनावासकट. घर घ्यायला कुनी आलं तर वर न्या, बादली दावा, आन् सांगा, बाधा हाय ती हीच.”